पिन बसली, पण आवाज फाटला

रेडिओवरचा आवाज रेकॉर्ड करायला लोक एक वायर जोडतात: एक टोक रेडिओच्या हेडफोन सॉकेटमध्ये, दुसरं रेकॉर्डरच्या माइक सॉकेटमध्ये. दोन्हीकडे ३.५ मिमीची पिन टिच्चून बसते. रेकॉर्डिंग ऐकावं तर पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणी बातम्या वाचतंय असं वाटतं. रेडिओचा आवाज अगदी बारीक केला की फाटणं थांबतं, पण मग खाली सूं सूं सुरू होते. लोक वायर बदलतात, महागातली आणतात, आणि पुन्हा तेच. वायरीत दोष नसतोच.

माइकमधून येतात जेमतेम काही मिलिव्होल्ट. घरगुती उपकरणांची लाइन लेव्हल, म्हणजे एका उपकरणातून दुसऱ्यात आवाज नेतानाची पातळी, साधारण ३१६ मिलिव्होल्ट, आणि हेडफोन सॉकेटमधून कधीकधी एक व्होल्टही निघतो. माइकसाठी बांधलेल्या दारातून शंभरपट मोठा सिग्नल ढकलला तर आतला पहिला अॅम्प्लिफायरच कोंडतो. रेकॉर्डिंग लेव्हलचं बटण त्याच्या पुढे असलं तर ते कितीही खाली घ्या, फाटलेलं फाटलेलंच राहतं.

म्हणून आधी रेकॉर्डरचा मेन्यू उघडा. झूम एच१एनसारख्यात माइक आणि लाइन दोन्हींसाठी एकच सॉकेट असतं. सोनीच्या बऱ्याच आयसीडी रेकॉर्डरमध्ये बाहेरच्या इनपुटसाठी 'माइक इन' की 'ऑडिओ इन' हे निवडता येतं. ती सोय असेल तर साधी ऑक्स केबल, म्हणजे दोन्हीकडे ३.५ मिमीची पिन असलेली वायर, पुरते. रेडिओला लाइन आउट, म्हणजे लाइन लेव्हलचा आवाज देणारं वेगळं सॉकेट, असेल, जसं सोनी आयसीएफ-एसडब्ल्यू ७६००जीआर किंवा टेकसन पीएल-८८०ला आहे, तर हेडफोनऐवजी तेच वापरा. हेडफोनमधून घेतलेला आवाज व्हॉल्यूमच्या बटणाबरोबर हलतो. मध्येच कुणी रेडिओ मोठा केला की रेकॉर्डिंग बिघडलं.

नुसतं माइक इनपुट असेल तर मध्ये अॅटेन्युएटर हवा, म्हणजे सिग्नल बारीक करणारे दोन रेझिस्टर. रेडिओच्या टिपकडून (टिप म्हणजे पिनेचं टोक; साध्या पिनेत मधली पट्टी ती रिंग, मुळाजवळचा भाग स्लीव्ह, म्हणजे ग्राउंड) येणाऱ्या तारेत १० किलोओहमचा रेझिस्टर लावा. त्याच्या पुढच्या टोकापासून ग्राउंडला १०० ओहमचा. या दोघांच्या जोडावरून रेकॉर्डरकडे जायचं. आवाज शंभरपट खाली येतो, म्हणजे ४० डीबी (डेसिबल). जोड आणि रेकॉर्डर यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला आणि त्याची प्लस बाजू रेकॉर्डरकडे ठेवा. कारण बहुतेक रेकॉर्डर माइक सॉकेटमधून कंडेन्सर माइकसाठी दोन-तीन व्होल्ट डीसी बाहेर सोडतात. तो डीसी १०० ओहममधून ग्राउंडला गेल्याने रेकॉर्डर जळत नाही, पण पिन घालता-काढताना मोठा ठप्प आवाज येतो.

हे सगळं रेकॉर्डरच्या टोकाच्या पिनेत बसवा, रेडिओच्या टोकाला नाही. केबलमधून मोठा सिग्नल जाऊ दे. वाटेत जी घाण मिसळेल तीही शेवटी त्याच १०० ओहमवर शंभरपट बारीक होईल. पाव वॉटचे रेझिस्टर जरा मोठ्या कव्हरच्या धातूच्या पिनेत मावतात. रेझिस्टर-कपॅसिटर तर पिनेपेक्षाही स्वस्त पडतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत हे सगळं सुटं मिळतं.

जुन्या इअरफोनची वायर कापून वापरणार असाल तर तिच्या केसासारख्या रंगीत तारांवर लाखेचा थर असतो. नुसता डाग (सोल्डरचा जोड) द्यायला गेलं की सोल्डर गोळी होऊन घरंगळतं. सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घ्या, तार त्यात तीन-चार सेकंद बुडवून धरा. धूर येतो, लाख जळते, तार चांदीसारखी चमकते. मग जोडा. पिनेच्या कानाला मात्र इतका वेळ उष्णता देऊ नका, आतलं प्लास्टिक वितळून टिप वाकडी बसते. काम झालं की मल्टिमीटर लावा. रेडिओच्या पिनेवर टिप ते स्लीव्ह १०.१ किलोओहम दिसलं पाहिजे. शून्य दिसलं तर कुठेतरी शॉर्ट आहे, काहीच दिसलं नाही तर एखादा डाग कच्चा आहे.

मोनो-स्टिरिओचा घोळ यापेक्षा साधा, पण जास्त वेळा होतो. मोनो पिनेला रिंग नसते; ती स्टिरिओ सॉकेटमध्ये घातली की उजवं चॅनल ग्राउंडला शॉर्ट होतं. उलट, मोनो रेडिओत स्टिरिओ पिन घातली की एकाच कानात आवाज. रेडिओ मोनो असेल तर त्याच्या टोकाला मोनो पिन लावा आणि रेकॉर्डरच्या टोकाला टिप आणि रिंग एकत्र जोडा.

जुन्या युरोपीय रेडिओंना मागे पाच छिद्रांचं गोल डिन (जर्मन मानकाचं) सॉकेट असतं. त्यातून घेतलेला आवाज अगदी क्षीण येतो आणि लोकांना वाटतं सेट गेला. सेट ठणठणीत असतो. त्या सॉकेटचं रेकॉर्डिंग आउटपुट समोरच्या उपकरणाच्या इनपुट रोधाच्या दर किलोओहममागे सुमारे एक मिलिव्होल्ट अशा हिशेबाने बांधलेलं आहे. ४७ किलोओहमच्या लाइन इनवर पन्नासच्या आसपास मिलिव्होल्ट मिळणार, तीनशे नाही. इथे अॅटेन्युएटर लावायचा नाही, रेकॉर्डरची लेव्हल वाढवायची.

आता मोबाइलच रेकॉर्डर म्हणून वापरायचा असेल तर. हेडसेटच्या चार भागांच्या पिनेत टिप डावं, पहिली रिंग उजवं, दुसरी रिंग ग्राउंड आणि स्लीव्ह माइक, अशी हल्लीची मांडणी. काही जुन्या फोनांत शेवटचे दोन उलटे असतात. वरचाच अॅटेन्युएटर इथे लावला तर कपॅसिटरमुळे फोनला माइक दिसतच नाही. कपॅसिटर काढला तर १०० ओहम दिसतात आणि कुणीतरी हेडसेटचं बटण दाबून ठेवलंय असा फोनचा समज होऊ शकतो. अँड्रॉइड हेडसेटची बटणं ओळखतो ती अशाच शंभर-दोनशे ओहमच्या फरकांवरून. किलोओहमच्या वर असेल तरच तो माइक मानतो. म्हणून कपॅसिटर ठेवायचा आणि त्याच्या पुढे, स्लीव्ह आणि दुसऱ्या रिंगमध्ये, २.२ किलोओहमचा एक रेझिस्टर जास्तीचा टाकायचा. फोनला माइक सापडतो. टाइप-सी ते ३.५ मिमीच्या स्वस्त अडॅप्टरवर भरवसा ठेवू नका: काहींत नुसत्या तारा असतात आणि त्या प्रत्येक फोनवर चालत नाहीत, काहींत चिप असते पण माइकची वाट नसते.

फोनवरचं बोलणं रेकॉर्ड करायला जी वायर लोक पहिल्यांदा विकत घेतात ती वाय आकाराची, एका फाट्यावर हेडसेट आणि दुसऱ्यावर रेकॉर्डर. तिने पलीकडचा आवाज छान येतो आणि आपला जवळपास गायब. हेडफोनच्या वाटेने आपला आवाज पुसटसाच परत येतो, म्हणून. याला सर्वांत सरळ उपाय कानात घालायचा छोटा माइक; ऑलिम्पसचा टीपी-८ हा त्यातला प्रसिद्ध. तो कानात, फोन त्याच कानाला, पिन रेकॉर्डरच्या माइक सॉकेटमध्ये. दोन्ही आवाज येतात, फोन कुठलाही असो. आपला आवाज मोठा येतो, तेव्हा लेव्हल आपल्या आवाजावर लावा, सर्वांत मोठा आवाज मीटरवर उणे १२ डीबीच्या आसपास. रबरी चकतीने रिसीव्हरला चिकटणारी जुनी पिकअप कॉइल मात्र विसरा. ती इअरपीसचं चुंबकीय क्षेत्र पकडते, आणि इअरपीस पिएझो प्रकारचा, म्हणजे चुंबकाविना चालणारा, असेल तर पकडायला काही नसतंच. ट्रान्सफॉर्मरची ५० हर्ट्झची गुणगुण मात्र नेमकी पकडते. आणि रेकॉर्डिंग चालू आहे हे पलीकडच्याला सुरुवातीलाच सांगा, त्याचा होकारही फाइलमध्ये येतो.

लँडलाइनवर थेट तार जोडायची तर हात सांभाळून. रिसीव्हर ठेवलेला असताना लाइनवर ४८ व्होल्ट डीसी असतो आणि घंटा वाजताना त्यावर ७५ ते ९० व्होल्ट एसी चढतो. ९०ला १.४१४ने गुणा, ४८ मिळवा: जास्तीत जास्त १७५ व्होल्ट. म्हणून लाइनच्या एका तारेत ०.४७ मायक्रोफॅरड, २५० व्होल्टचा, प्लस-मायनस नसलेला कपॅसिटर. दोन्ही तारांत १० किलोओहमचा एकेक अर्ध्या वॉटचा रेझिस्टर. मग ६०० ला ६०० ओहमचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर, आणि त्याच्या रेकॉर्डरकडच्या बाजूवर दोन १एन४१४८ डायोड एकमेकांना उलटे, समांतर. घंटेचा दणका हे डायोड अर्ध्या-पाऊण व्होल्टवर अडवतात. ट्रान्सफॉर्मर टाळून नुसत्या कपॅसिटरवर भागवाल तर रेकॉर्डर चार्जरला लावल्याबरोबर गुणगुण सुरू होईल, कारण लाइनचं ग्राउंड आणि घरातलं ग्राउंड तुम्ही बांधून टाकलेलं असतं. फायबर इंटरनेटच्या डब्याला जोडलेल्या फोनलाही हेच सर्किट चालतं, डब्याच्या फोन सॉकेटमधून निघतो तो सिग्नल जुन्या लाइनसारखाच. कोकणात खांबांवरून तांब्याची तार येत असेल तर वळवाच्या, विजांच्या दिवसांत हे लाइनला लावून ठेवू नका.

गुणगुणीचा पहिला तपास असा: रेकॉर्डर चार्जरवरून काढून सेलवर चालवा. गेली तर दोष चार्जरच्या वाटेचा. मध्यम लहरींवर, म्हणजे पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झ वगैरे ऐकताना, चार्जर वायरीत न शिरता हवेतूनही खरखर करतो, तेव्हा रेडिओ त्याच्यापासून दोन-तीन मीटर लांब हवा. जवळ ठेवलेल्या फोनची टर्र-टर्र मुख्यतः टूजीवरची, सेकंदाला २१७ झटके. फोन बाजूला सरकवला की ती जाते.

कारच्या किंवा वायरलेस सेटच्या (बोलायच्या-ऐकायच्या रेडिओच्या) स्पीकर तारांना हात लावण्याआधी मल्टिमीटर घ्या. कित्येक सेटमध्ये स्पीकरची मायनस तार ग्राउंड नसतेच, दोन्ही तारांवर पुरवठ्याच्या निम्मे, म्हणजे सहा-सात व्होल्ट बसलेले असतात. तिथे रेकॉर्डरच्या वायरीची जाळी, म्हणजे तिचं ग्राउंड, जोडली की अॅम्प्लिफायरची आयसी उडू शकते. वायरलेस सेटला सहा पिनांचं मिनी-डिन डेटा सॉकेट असेल तर पिन २ ग्राउंड आणि पिन ५ आवाज. व्हॉल्यूमच्या बटणाचा त्यावर परिणाम होत नाही. पिन ३ला हात लावू नका, ती पीटीटीची, म्हणजे बोलताना दाबायच्या बटणाची, आहे, ग्राउंड झाली की सेट प्रक्षेपण सुरू करतो.

केबल तयार झाली की तिच्यावर '४० डीबी' अशी चिठ्ठी चिकटवा. बाहेरून ती कुठल्याही ऑक्स केबलसारखीच दिसते, आणि घरातलं कुणीतरी ती स्पीकरला लावून खराब आहे म्हणून टाकून देतं.