वेस्टन : काटा सुटला, पण...

मागच्या वेळी मी जाहीर करून टाकलं होतं की माझ्या वेस्टन मास्टर २ चा, म्हणजे फोटोसाठी उजेड मोजणाऱ्या जुन्या मीटरचा, सेल (उजेड पडला की करंट देणारी सेलेनियमची चकती) मेला. शब्द मागे घेतो. सेल जिवंत आहे, अडत होता तो काटा. रविवारी उन्हात सेल नुसता मल्टिमीटरला लावला, तर करंट व्यवस्थित आला. मग लक्षात आलं, काटा दरवेळी एकाच घरात थांबतोय. सेल थकला असता तर सगळीकडेच कमी दाखवलं असतं. एकाच जागी अडखळणं म्हणजे वाटेत काहीतरी आहे. (काटा फिरवणाऱ्या कॉइलला मल्टिमीटरचा ओहम रेंज लावू नका, तो स्वतःच करंट सोडतो. मी लावणारच होतो. काटा आपटला असता.)

भिंग लावून पाहिलं तर लोहचुंबकाच्या फटीत काळा कण, मोहरीच्या दहाव्या हिश्शाएवढा. रत्नागिरीकरांनी ओळखलंच असेल: मांडवीची काळी वाळू! तिच्यात मॅग्नेटाइट असतं, चुंबकाला घट्ट धरून बसतं. काचेच्या कडेचा डिंक सुकून फट पडली होती, तिथूनच आत शिरलं असणार.

आता काढायचं कसं? स्टीलचा चिमटा आत घातला आणि चुंबकाने तोच खेचला. काटा वाकता वाकता राहिला. दहा मिनिटं हात थरथरत होते. मग उदबत्तीच्या काडीला उलटी चिकटपट्टी लावली, कण हलेना. आई फणस फोडत होती. म्हणाली, "चीक लाव की रे." हसलो, आणि लावला. काडीवर घोटून घोटून रबरासारखा घट्ट केला, तार सुटायची थांबल्यावरच आत नेला. पहिल्याच फेरीत कण बाहेर! काटा पुढच्या घरात जाऊन पुन्हा अडकला. तिथे दुसरा कण. तोही निघाला. त्यानंतर काटा असा सरसर गेला की मी पंधरा मिनिटं नुसता सावलीत-उन्हात, सावलीत-उन्हात करत बसलो.

अंगणात दुपारी १२ ला सनी १६ शी (भर उन्हात अ‍ॅपर्चर f/16 आणि शटर १/फिल्मचा स्पीड, हा ठोकताळा) ताडून पाहिलं. मीटर एक स्टॉप कमी, म्हणजे निम्माच उजेड दाखवतो. एवढ्या वयाच्या सेलेनियमला ते माफ. १०० ISO च्या फिल्मला डायल ८० ऐवजी (वेस्टनच्या जुन्या मापात १०० म्हणजे ८०) १६० वर ठेवतोय. सेल काढून सिलिकॉनची पट्टी बसवायचा बेत रद्द. ती डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेडकडे झुकते, शिवाय आता गरज काय? संध्याकाळच्या उजेडातही एकच स्टॉप राहतो का, ते बघायचंय.

ऑनलाइन विक्रेत्याने मात्र "पूर्ण चालू, तपासलेला" असं लिहिलं होतं. तपासला कशाने, टॉर्चने?

हे लिहिताना सुचलं म्हणून मीटरच्या चामड्याच्या केसमध्ये पिशवीत गुंडाळलेला चुंबक फिरवला. बाहेर आला तो काळी मिशी घेऊन! म्हणजे वाळू अस्तरातच होती. पावसाआधी सिलिका जेलची पुडी टाकून मीटर याच केसमध्ये ठेवणार होतो. आता आधी अस्तर उसवतो.