रेट सोडा, आधी खोकी बघा

पर्चेसमध्ये नवीन आलेली पोरं विचारतात, सर कॅटेगरी मॅनेजमेंट (एका प्रकारच्या मालाची सगळी खरेदी एकत्र बघणं) म्हणजे नक्की काय हो, आणि बहुतेक ठिकाणी त्यांना उत्तर म्हणून चार चौकोनांची एक स्लाइड दाखवली जाते. पीटर क्राल्जिकने १९८३ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये मांडलेली ती गोष्ट, एका बाजूला सप्लायची रिस्क, दुसऱ्या बाजूला नफ्यावरचा परिणाम. मॉडेल चांगलंच आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण सगळे आयटम चौकोनात भरले, रंग दिले, मॅनेजमेंटला दाखवलं आणि दुसऱ्या दिवसापासून परत तेच, पीआर (खरेदीची मागणी) आली की तीन कोटेशन मागवा, एल-वनला, म्हणजे सगळ्यात कमी भाववाल्याला, फोन करून अजून दोन टक्के पाडा, पीओ (खरेदीची ऑर्डर) सोडा. याला कॅटेगरी मॅनेजमेंट म्हणत नाहीत, पण व्हिजिटिंग कार्डावर तसं छापलेलं असतं.

माझं मत विचाराल तर हे प्रकरण चालतं की फसतं ते एकाच गोष्टीवर ठरतं. स्पेसिफिकेशन (माल कसा हवा) आणि डिमांड (किती हवा) या दोन गोष्टींना हात लावायची परवानगी पर्चेसला आहे का? नसेल तर तुम्ही फक्त रेटवर घासाघीस करणार, आणि त्यात फार काही उरलेलं नसतं.

खोक्यांचं उदाहरण घेतो, कारण ती सगळ्यांकडे असतात आणि त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. कोरुगेटेड बॉक्स, म्हणजे नळीदार पुठ्ठ्याची खोकी, थ्री प्लाय (तीन थरांची), फाइव्ह प्लाय (पाच थरांची). चाकण-भोसरीच्या कुठल्याही कारखान्याच्या आयटम मास्टरमध्ये (मालाच्या कोडच्या यादीत) डोकावलं तर एकाच मापाचे बॉक्स तीन-तीन कोडखाली सापडतील, एकात मिलिमीटर, एकात इंच, एकात नुसतं "बॉक्स बिग" (हे कुणी टाकलं ते कधीच कळत नाही, तो माणूस सोडून गेलेला असतो). त्यामुळे वर्षाला आपण खोक्यांवर किती खर्च करतो हेच कुणाला धड सांगता येत नाही. म्हणून पहिलं काम हे साफ करायचं. कंटाळवाणं आहे, याचं कौतुक कोणी करत नाही, पण याशिवाय पुढचं सगळं हवेत.

मग येतं वजन. फाइव्ह प्लायमध्ये तीन सपाट कागद आणि दोन नळीदार, म्हणजे फ्लूट, आणि फ्लूटला सपाट कागदाच्या साधारण दीडपट कागद लागतो. बॉक्सच्या किमतीत निम्म्याहून जास्त कागदच असतो. म्हणजे प्रति नग रेटवर भांडण्यापेक्षा बॉक्स किती ग्रॅमचा आहे आणि क्राफ्टचा (ज्या कागदाचे बॉक्स बनतात त्याचा) किलोचा भाव काय हे विचारलं की बोलणं एकदम जमिनीवर येतं. सातशे ग्रॅमचा बॉक्स असेल आणि कागद किलोमागे एक रुपयाने वाढला तर बॉक्समागे सत्तर पैसे, वर थोडं वेस्टेज, बास. व्हेंडर तीन रुपये मागत असेल तर बाकीचे कशाचे ते त्याला सांगता आलं पाहिजे, आणि भाव उतरला की तेच गणित आपल्या बाजूने चाललं पाहिजे.

खरी गंमत मात्र स्पेकमध्ये आहे. बर्स्ट फॅक्टर (बीएफ) गुणिले जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), भागिले हजार, हे कागदाचं बर्स्टिंग स्ट्रेंग्थ, म्हणजे तो किती दाबाला फाटतो ते. २० बीएफचा १५० जीएसएम कागद घ्या किंवा २५ बीएफचा १२० जीएसएम, दोन्हीकडे ३ किलो प्रति चौरस सेंटीमीटरच येतं, पण दुसरा कागद वीस टक्के हलका. जास्त बीएफचा कागद किलोला महाग पडतो, त्यामुळे सगळे वीस टक्के हातात येत नाहीत, तरी जे उरतं ते कुठल्याही नेगोसिएशनपेक्षा जास्त असू शकतं. आता हा बदल पर्चेसवाला एकटा करू शकतो का? अजिबात नाही, आणि करूही नये. कारण गोडाऊनमध्ये थप्पी लागते तेव्हा खालच्या खोक्यावर सगळा भार, तिथे बर्स्टिंगपेक्षा कम्प्रेशन (वरून दाब आला तर बॉक्स किती पेलतो) महत्त्वाचं, आणि पावसाळ्यात ओल धरली की तोच बॉक्स मान टाकतो. म्हणून ट्रायल जुलैमध्ये घ्यायची, मार्चमध्ये नाही, आणि क्वालिटी, डिस्पॅच, स्टोअर तिघांना उभं करून घ्यायची. त्यांनी सही केली तर बदल टिकतो. नाहीतर पहिलं खोकं फाटलं की "पर्चेसने स्वस्तातला माल आणला" हे वाक्य तयारच असतं.

व्हेंडरच्या बाजूनेही बघा जरा. २०२१ च्या सुरुवातीला चीनने बाहेरून कचरा आणणं पूर्ण बंद केलं, तिथून रिसायकल पल्पची मागणी आपल्या मिलांकडे वळली, आयातीची रद्दी महागली, कंटेनर मिळेनात, आणि क्राफ्टचे भाव असे चढले की बॉक्सवाले हवालदिल. ज्यांनी वर्षभराचा फिक्स रेट लिहून घेतला होता ते खुश होते, थोडे दिवस. पण तोट्यात चाललेला माणूस एकतर माल देत नाही किंवा जीएसएम गुपचूप खाली आणतो, तिसरा रस्ता त्याच्याकडे नसतो. बॉक्सचा भाव कागदाच्या भावाला बांधलेला असला की दोघांचीही झोप शाबूत.

आणि पेमेंट. बॉक्सवाले बहुतेक छोटे युनिट. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा) लेखी करार असला तरी पैसे द्यायला ४५ दिवसांच्या वर जाता येत नाही, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, हे पहिल्यापासून लिहिलेलं होतं पण ९० दिवस सर्रास चालायचे. २०२३ च्या फायनान्स अ‍ॅक्टने आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आणलं, सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे त्या मुदतीत दिले नाहीत तर त्या वर्षी खर्चाची वजावट मिळत नाही म्हटल्यावर फायनान्सवाले एकदम जागे झाले. वेळेवर पैसे देणाऱ्याला व्हेंडर आतला भाव सांगतो, हे मात्र कायद्यात नाही, ते अनुभवाने कळतं.

राहिलं सेव्हिंग कसं मोजायचं. यावर पर्चेस आणि फायनान्सची जी जुंपते ती बघण्यासारखी असते. कागद उतरला म्हणून बॉक्स स्वस्त झाला तर ते बाजाराचं, तुमचं नाही. ग्रॅम कमी झाले, वेगवेगळ्या साइझची संख्या कमी झाली, तर ते तुमचं. बेसलाइन (ज्या जुन्या आकड्याशी तुलना करायची तो) कुठली धरायची हे सुरू करायच्या आधी फायनान्सकडून मेलवर घ्या, नंतर मागायला गेलात तर वर्षअखेरीला त्यांच्या शीटमध्ये तुमच्या नावापुढे शून्य दिसेल.