प्रौढ वाचकांसाठी ग्राफिक नॉव्हेल : चौकटींच्या वहीतील काही नोंदी

गेल्या पावसाळ्यापासून मी ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून कथा सांगणारी पुस्तके, वाचताना एक वही जवळ ठेवू लागलो आहे. पुस्तक एकदा कथेसाठी वाचून झाले की दुसऱ्या वाचनात शब्द बाजूला ठेवायचे आणि निवडक पानांचा केवळ चौकटींचा आराखडा पेन्सिलीने काढायचा, असा हा उपक्रम आहे. ‘प्रौढांसाठी’ म्हटले की बहुतेक शिफारशी रक्तपात आणि नग्नता यांच्या मापाने केल्या जातात. वही भरत गेली तसे मला वाटू लागले की या पुस्तकांचे प्रौढपण पानाच्या मांडणीत शोधले पाहिजे, कारण जे शब्दांत सांगणे अवघड असते ते चांगला चित्रकार चौकटीच्या आकारातून आणि संख्येतून सांगत असतो.

सुरुवात ‘वॉचमेन’पासून केली. ॲलन मूर यांचे लेखन आणि डेव्ह गिबन्स यांची चित्रे असलेली ही सुपरहिरोंवरची मालिका १९८६-८७ मध्ये बारा अंकांत आली आणि तिची बहुतेक पाने नऊ समान चौकटींच्या जाळीवर उभी आहेत. पाचव्या अंकाचे पहिले आणि शेवटचे पान, दुसरे आणि उपांत्य पान अशा जोड्या लावत मध्यापर्यंत गेल्यास मांडणी आरशात पाहिल्यासारखी जुळते. कथेचा शेवट मला आजही ओढूनताणून आणलेला वाटतो, पण शिस्तीचा पाठ म्हणून याहून चांगले पुस्तक माझ्या पाहण्यात नाही.

त्यानंतर हाती घेतलेल्या जो सॅको यांच्या ‘पॅलेस्टाइन’ने मात्र वहीची बरीच पाने खाल्ली. १९९१-९२ च्या हिवाळ्यात, पहिल्या इंतिफादाच्या, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धच्या पॅलेस्टिनी उठावाच्या काळात, सॅको वेस्ट बँक आणि गाझामध्ये फिरले आणि तेथील मुलाखतींवर आधारलेली ही चित्र-पत्रकारिता १९९३ ते १९९५ या काळात नऊ अंकांत प्रसिद्ध झाली. स्वतःला ते गोल चष्म्याच्या कोऱ्या भिंगांआड डोळे लपलेला, काहीसा ओशाळवाणा माणूस म्हणून रेखाटतात, आणि गर्दीच्या दृश्यांत मजकुराच्या पट्ट्या तिरप्या करून पानभर विखरून टाकतात. परंतु ‘मॉडरेट प्रेशर’ या नावाच्या एका प्रकरणात हा सगळा गोंधळ थांबतो. एका माणसाला अटक होते, डोक्यावर पोते चढवून त्याला खुर्चीला बांधून ठेवले जाते आणि न्यायाधीश त्याची कोठडी पुनःपुन्हा वाढवत राहतो. सुरुवातीला पानावर मोजक्या मोठ्या चौकटी आहेत. मग त्या लहान आणि एकसारख्या होत जातात, मधल्या जागा काळ्या असतात आणि पान वीसेक बारीक चौकोनांपर्यंत आकसते. झोपेविना दिवसांची गणती हरवलेल्या त्या माणसाला भास होऊ लागतात, ते याच चौकोनांत. छळाचे एकही भडक चित्र न काढता श्वास कोंडल्याची जाणीव होते. ज्यांना सॅको कोठून वाचावा असा प्रश्न पडतो, त्यांनी हेच प्रकरण आधी वाचावे, असे मी सांगेन.

नेमक्या उलट टोकाला ‘भीमायन’ आहे. ‘नवयान’ प्रकाशनाने २०११ मध्ये काढलेल्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यावरील या पुस्तकाचे शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, तर चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी चित्रकारांची. पात्रांना चौकटीत कोंबले की ती गुदमरतात, अशी या दोघांची भूमिका असल्यामुळे येथे चौकटीच नाहीत; घराच्या भिंतींवर आणि जमिनीवर काढल्या जाणाऱ्या ‘दिग्ना’ या नक्षीच्या वळणदार पट्ट्यांनी पान विभागलेले आहे. साहजिकच माझी पेन्सिल अडली, कारण सरळ रेषेला येथे कामच नव्हते. बाबासाहेबांच्या बालपणातील मसूर स्टेशनचा प्रसंग मराठी वाचकाला ठाऊक असतो : जात कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना, तेव्हा दुप्पट भाडे देऊन मुलांनी बैलगाडी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. तरीही संवादांचे फुगे नीट पाहावेत. जातीच्या विषाने भरलेल्या बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे, सौम्य बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आहे आणि मनातल्या विचाराला डोळा दिलेला आहे. कोण बोलत आहे यापेक्षा ते बोलणे कसे लागते, हे चित्रच ठरवते. याच प्रकाशनाचे, महात्मा फुले यांच्या १८७३ च्या ‘गुलामगिरी’वर आधारलेले ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ही जवळ ठेवावे, चित्रे ‘भीमायन’इतकी धाडसी नाहीत, पण त्यातील उपरोध झकास आहे.

ज्यूंना उंदीर आणि नाझींना मांजर म्हणून रेखाटत ज्यूंच्या हत्याकांडाची कहाणी सांगणाऱ्या आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’विषयी नव्याने काय लिहावे? तरी एक सुचवतो : दुसऱ्या खंडात लेखक स्वतः उंदराचा मुखवटा बांधून चित्रफलकाशी बसला आहे आणि खाली प्रेतांचा ढीग आहे, त्या पानावर थांबून मग मलिक सजाद यांचे ‘मुन्नू’ (२०१५) उघडावे. सजाद यांनी काश्मिरींना नामशेष होत चाललेल्या हंगुल हरणाचे रूप दिले आहे. प्राण्यांची कल्पना उसनी वाटली तरी श्रीनगरमधील शाळकरी मुलाच्या नजरेतील रोजचे तपशील त्यांचे स्वतःचे आहेत.

रिचर्ड मॅकग्वायर यांचे ‘हिअर’ हे १९८९ मधील सहा पानांच्या कथेचे २०१४ मध्ये झालेले पुस्तक-रूप होय. वेगवेगळ्या काळांत दिसणारा खोलीचा एकच कोपरा, आणि प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात साल. कथानक हवे असणाऱ्यांनी वाटेला जाऊ नये. अमृता पाटील यांची मुंबईत घडणारी ‘कारी’ (२००८) अजून अर्धी बाकी आहे. काळ्या-पांढऱ्या पानांत मध्येच रंग उसळतो, त्याचे कारण शोधतो आहे.

पुढच्या टप्प्यासाठी ओरिजित सेन यांचे ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ निवडले आहे. नर्मदेवरील धरणाच्या संघर्षावरचे हे पुस्तक १९९४ चे. अनेक वर्षे ते मिळतच नव्हते, २०२२ मध्ये नवी आवृत्ती आली. त्यात पत्रकाराचा प्रवास आणि आदिवासी गायकाने सांगितलेली सृष्टीची कथा वेगवेगळ्या चित्रशैलींत चालतात, त्यामुळे या वेळी वहीत दोन रंगांच्या पेन्सिली लागतील. नंदुरबारच्या बुडालेल्या गावांविषयी ज्यांनी मराठीत वाचले आहे, त्यांनी सोबतीने वाचायला घेतल्यास आराखडे ताडून पाहता येतील.