बुद्रुकची हरकत

जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुकांसाठी गट-गणांचा, म्हणजे या दोन्हींच्या मतदारसंघांचा, प्रारूप आराखडा जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा मी तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत अव्वल कारकून होतो आणि आलेल्या हरकती स्वीकारून पोच देण्याचे काम माझ्या टेबलाकडे होते. हरकती बहुधा ठरावीक साच्याच्या असतात. आमचे गाव ओढ्यापलीकडच्या गणात का टाकले, आमच्या वाड्या का तोडल्या, अमक्याच्या सोयीसाठी हद्द का वाकवली. त्या दिवशी मात्र फेटा बांधलेले एक वयस्कर गृहस्थ आले, त्यांची हरकत हद्दीवर नव्हतीच. ती नावावर होती.

आमच्या तालुक्यात एकाच नावाची दोन गावे आहेत, एक बुद्रुक आणि दुसरे खुर्द. नाव मुद्दामच सांगत नाही. मध्ये ओढा आहे, सोयरीक दोन्हीकडे आहे आणि यात्रेतल्या मानावरून वादही आहेत. दोन्ही गावे एकाच निर्वाचक गणात आली होती आणि नेहमीच्या पद्धतीप्रमाणे सर्वाधिक लोकसंख्येच्या गावाचे नाव गणाला दिलेले होते. लोकसंख्या धरायची ती २०११ च्या जनगणनेची. राज्य रस्ता खुर्दमधून गेल्यामुळे एस.टी.चा थांबा, आठवडी बाजार आणि माध्यमिक शाळा तिकडे गेली, त्यांच्यामागून वस्तीही गेली. त्यामुळे गणाचे नाव ‘खुर्द’ पडले.

“भाऊसाहेब, मूळ गाव आमचं. धाकट्याच्या नावानं थोरला कधी ओळखला जातो का?” आजोबांनी अर्ज पुढे करत विचारले.

प्रश्न त्यांनी घरगुती भाषेत विचारला होता, पण शब्दार्थाच्या दृष्टीने तो तंतोतंत बरोबर होता, आणि हे त्यांना ठाऊक नव्हते. बुद्रुक हे फारसीतल्या ‘बुजुर्ग’ शब्दाचे मराठी तोंडात बदललेले रूप आहे; बुजुर्ग म्हणजे थोर, मोठा. खुर्द म्हणजे लहान. सुट्या नाण्यांना आपण खुर्दा म्हणतो तोच हा शब्द. उत्तरेकडे गावांच्या नावांत ‘बुजुर्ग’ सरळ टिकून राहिला, आपल्याकडे तो झिजून बुद्रुक झाला आणि सात-बारावर तर नुसता ‘बु.’ उरला. एकाच नावाच्या दोन वस्त्या झाल्या, की महसुलाच्या दप्तरात थोरली कोणती आणि धाकटी कोणती हे नोंदवण्याची ही सोय होती. पुण्यातले आंबेगाव, वडगाव आणि कोंढवा यांची बुद्रुक-खुर्द जोडपी शहराच्या पोटात गेली, तरी पाट्यांवरून हे शब्द हललेले नाहीत.

मी हे सांगितल्यावर आजोबांचा चेहरा उजळला. “म्हणजे सरकारनंच लिहून ठेवलंय की!” असे म्हणून त्यांनी तिथेच अर्जाखाली शाईने एक ओळ वाढवली. त्यांच्या मागे रांगेत खुर्दचाच एक तरुण उभा होता. तो म्हणाला, “मग आबा, आता आम्ही मोठे, तर आम्हाला बुद्रुक करा आणि तुम्ही खुर्द व्हा.” रांग हसली. आजोबा हसले नाहीत.

गावाचे नाव बदलणे हा आमच्या टेबलाचा विषय नव्हे, त्याला राज्य शासनाचा निर्णय आणि केंद्रीय गृह मंत्रालयाची संमती लागते, हे मी त्या तरुणाला समजावले. शिवाय नाव बदलले, म्हणून मतदारसंघाचे नाव आपोआप बदलत नाही. औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे २०२३ मध्ये बदलली, तरी २०२४ ची लोकसभा निवडणूक औरंगाबाद आणि उस्मानाबाद याच नावांच्या मतदारसंघांत झाली, कारण ती नावे मतदारसंघांच्या हद्दी ठरवणाऱ्या २००८ च्या परिसीमन आदेशातली आहेत.

‘संमती’ हा शब्द तोंडून गेला आणि मला चारच दिवसांपूर्वीची रात्र आठवली. सातारा जिल्ह्यात आंबवडे संमत कोरेगाव आणि आंबवडे संमत वाघोली अशी गावे आहेत, चिंचणेर संमत निंब आणि चिंचणेर वंदन आहेत. जुन्या व्यवस्थेत परगण्याच्या पोटविभागाला संमत म्हणत, म्हणजे ‘संमत निंब’ याचा अर्थ निंब पोटविभागातले. आमच्या यादीतही अशाच घडणीचे एक नाव होते. नव्याने आलेल्या संगणक चालकाला वाटले, की ‘संमत’ हा कुणा साहेबाचा शेरा आहे. त्याने तो शब्द आणि त्याच्या पुढचेही नाव उचलून शेऱ्याच्या रकान्यात टाकले. मग एकसारखी दिसणारी दोन गावे उरली, त्यांतले एक त्याने दुबार समजून काढून टाकले, आणि तालुक्याची बेरीज जनगणनेच्या आकड्याशी जुळेना. एक आख्खे गाव रात्री साडेअकरापर्यंत बेपत्ता होते.

त्या मुलाला दोष देणे मला जमले नाही, कारण आमची परिभाषाच नवख्याला चकवणारी आहे. कायद्यात ‘निवडणूक विभाग’ असे नाव असलेल्या घटकाला अधिकारीसुद्धा ‘गट’ म्हणतात. जनगणनेचा ‘प्रगणक गट’ वेगळा, जमिनीचा गट क्रमांक वेगळा आणि बचत गट वेगळा. एका विभागात दोन निर्वाचक गण असतात. एका बाईंनी मला अगदी गंभीरपणे विचारले होते, “आमचा गण राक्षसगण तर नाही ना?” खुद्द हवेली तालुक्यात हवेली नावाचे गाव नाही, मुख्य ठाण्याभोवतीच्या मुलखाला हवेली म्हणत, तेच तालुक्याचे नाव होऊन बसले.

आजोबांच्या अर्जाला मी आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि पोच दिली. सुनावणी वरच्या कार्यालयात झाली. ऑगस्टमध्ये अंतिम रचना आली, तेव्हा गणाचे नाव खुर्दच राहिले होते.

ती यादी फलकावर लावली, त्या दुपारी आजोबा पुन्हा आले. बोट फिरवत त्यांनी गण शोधला, मग गणात समाविष्ट गावांच्या रकान्यात स्वतःचे गाव शोधले. तिथे आमच्या टंकलेखकाने जागा वाचवण्यासाठी ‘बु.’ केले होते.

“एवढं तरी पुरं लिहायचं होतं, भाऊसाहेब,” ते म्हणाले.

मी खिशातले पेन काढले, मग आठवले, की प्रसिद्ध झालेल्या अधिसूचनेवर हाताने काही लिहिता येत नाही, आणि ते परत ठेवले.