जवारीपासून गिटारपर्यंत : आमची वाटचाल

माझे वडील मिरजेत सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्या एका कारागिराकडे जवारी काढण्याचे काम शिकले. घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीने अशा बेताने घासायचा की तार तिच्यावर एका ठिकाणी न टेकता किंचित लांबवर स्पर्श करीत राहावी आणि त्यातून तो भरलेला, गुंजणारा स्वर निघावा, हे काम हातात मुरायला वर्षे लागतात. १९९४ मध्ये आम्ही पुण्याला आलो आणि पेठेतल्या बारा बाय दहाच्या गाळ्यात तंतुवाद्यांच्या दुरुस्तीचे दुकान थाटले. गिटार विकायची असे आमच्या मनात कधीच नव्हते. तंबोऱ्यांची जागा इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याने घेतली, दुरुस्तीची कामे रोडावली आणि दारात येणारी मुले गिटारच्या तारा मागू लागली, म्हणून आम्ही त्या वाटेला लागलो.

२००६ साली एका घाऊक व्यापाऱ्याकडून आम्ही २४ गिटारी आणल्या. तीन महिन्यांत त्यांतल्या नऊ परत आल्या आणि सगळ्यांची तक्रार एकच होती : बोटे सोलवटतात, एफ कॉर्ड (अनेक तारा एकदम दाबून वाजवायचा स्वरमेळ) वाजतच नाही. सुरुवातीला मीही इतर दुकानदारांप्रमाणे ‘सवय होईल’ असे सांगून वेळ मारून नेत होतो, याची आज लाज वाटते. शेवटी वडिलांनी एक गिटार मांडीवर घेतली आणि बाराव्या फ्रेटवर, म्हणजे गळ्यावरच्या बाराव्या आडव्या धातूच्या पट्टीवर, मोजपट्टी लावली. जाड तारेची उंची साडेतीन मिलिमीटर भरली. “अरे, घोडी केवढी उंच ठेवलीय! पोरांची बोटं काय करणार?” असे म्हणून त्यांनी सॅडल, म्हणजे गिटारीची घोडी, काढले आणि सवयीच्या हाताने ते घासले. तारा खाली आल्या, पण सॅडलचा माथा सतारीच्या घोडीसारखा रुंद आणि सपाट झाला होता. मी कॉर्ड छेडली, तर गिटार चक्क सतारीसारखी झणझणली. मिरजेत ज्या झणकारासाठी लोक पैसे मोजतात, तोच गिटारीत दोष ठरतो, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

त्यानंतर आम्ही मोजून काम करू लागलो. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली साधारण अडीच आणि बारीक तारेखाली दोन मिलिमीटर अंतर असले, तर नवशिक्याला त्रास होत नाही. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर येत असल्यामुळे तिथे अर्धा मिलिमीटर उतरवायचा, तर सॅडल एक मिलिमीटर घासावे लागते. एफ कॉर्डचे दुखणे मात्र बहुधा नटमध्ये, म्हणजे गळ्याच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीत, असते. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली असता पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली केसभर फट राहावी. नखाएवढी राहत असेल, तर नटच्या खाचा उथळ आहेत असे समजावे. अनेक जण ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या (गळ्याच्या) आतली धातूची सळई, फिरवून ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, कमी करू पाहतात. तो रॉड नेकचा बाक सांभाळण्यासाठी असतो, तारांची उंची ठरवण्यासाठी नव्हे, हे मी गिऱ्हाइकांना आजही रोज सांगतो.

आमच्याकडून विकली जाणारी प्रत्येक गिटार असे काम झाल्यावरच दुकानाबाहेर पडते आणि त्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही. सुरुवातीला या हिशेबात तोटाच दिसत होता, परंतु परत येणाऱ्या गिटारी थांबल्या आणि शिकवणारे शिक्षकच विद्यार्थ्यांना आमच्याकडे पाठवू लागले.

बँकेतून निवृत्त झालेले एक काका भल्या मोठ्या ड्रेडनॉट गिटारीवर मन बसवून आले होते. हा आकार अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये प्रथम बनवला. त्याचा आवाज दणदणीत, पण पोटही तसेच मोठे. काकांना मी बिनहातांच्या खुर्चीवर बसवले. पाचच मिनिटांत त्यांचा उजवा खांदा कानाकडे चढला. कोणीतरी त्यांना नायलॉनच्या तारा सुचवल्या होत्या. त्या बोटांना मऊ लागतात हे खरे, पण त्या ज्या क्लासिकल गिटारीला लावतात, तिचा नट सुमारे ५२ मिलिमीटर रुंद असतो, आणि काकांची बोटे आखूड होती. अखेर त्यांना ४३ मिलिमीटर नटची, लहान पोटाची आणि थोड्या आखूड स्केलची (नटपासून सॅडलपर्यंतची तार आखूड असलेली) गिटार दिली व बारा नंबरऐवजी दहा नंबरचा, म्हणजे अधिक बारीक तारांचा, संच चढवला. स्केल आखूड असले की त्याच स्वराला ताण कमी लागतो. काका तासभर वाजवत बसले आणि आम्हाला दुकान बंद करायला उशीर झाला.

आवाजाचा विचार मी नेहमी यानंतरच करायला सांगतो, कारण हाताला न मानवणारी गिटार कितीही गोड असली तरी ती भिंतीवरच लटकते. सॉलिड टॉप आहे का, हे ओळखण्यासाठी आवाजाच्या भोकाची कड नीट पाहावी. वरच्या लाकडाच्या रेषा कडेतून सरळ खाली उतरलेल्या दिसल्या तर फळी अखंड, आणि मध्ये आडवा थर दिसला तर ती प्लायवूडची. स्प्रूसचा आवाज खणखणीत, सीडरचा उबदार, असे ढोबळमानाने म्हणता येते. मात्र जुन्या, गंजलेल्या तारांवर कोणत्याही लाकडाची पारख करू नये, आणि दुसऱ्याला वाजवायला लावून आपण समोर उभे राहून ऐकावे, कारण वाजवणाऱ्याच्या कानाला निम्मीच गिटार ऐकू येते.

अखंड फळीला हवाही सोसत नाही. पावसाळ्यात ती फुगते आणि ॲक्शन वर जाते. उन्हाळ्यात फ्रेटबोर्ड आक्रसून फ्रेटची टोके बोटांना टोचतात. म्हणून गणपतीच्या आसपास गिटार एकदा दाखवून जा, असे आम्ही बिलावरच छापले आहे. एका गिऱ्हाइकाने मे महिन्यात गिटार बंद गाडीत ठेवली होती. तिचा ब्रिज (सॅडल बसवलेला लाकडी ठोकळा) सुटून हातात आला.

वडील आता कानस धरत नाहीत, पण संध्याकाळी दुकानात येऊन बसतात. तयार गिटारींवरून ते एकेक करून अंगठा फिरवतात. एखाद्या तारेपाशी थांबून म्हणतात, “हिची जवारी अजून बोलतेय.” मग ती गिटार गिऱ्हाइकाला सांगितलेल्या तारखेची पर्वा न करता पुन्हा माझ्या टेबलावर येते.