बुटाच्या नाडीचे टाळ

टाळांची दोरी तुटली तेव्हा त्यानं तिच्या जागी बुटाची नाडी ओवली. हिरवट, फौजी बुटाची. "आता बघ ताई, पंढरपूरपर्यंत तुटायची नाही," म्हणाला आणि आतल्या बाजूनं गाठ मारली. यंदा तेच टाळ माझ्या हातात होते. गाठ तशीच आहे. बोटं लागतात तिथं नाडी काळी पडलीय.

माझा धाकटा भाऊ. मराठा लाइट इन्फंट्रीत होता. सियाचिनला ड्यूटीवर असताना अंगावर बर्फाचा कडा कोसळला. तेविसावं लागलं होतं त्याला. गावात आला तो तिरंग्यात. फैरी झाडल्या, घडी घातलेला झेंडा आईच्या हातात दिला. त्या दिवसाबद्दल मला यापुढं लिहवत नाही.

आईची वारी माझ्या लग्नाआधीपासूनची. त्याची सुट्टी मात्र आषाढात कधी बसायची नाही. एकदाच बसली, तीही लोणंद ते फलटण एवढ्यापुरती. पहाटे पहिली तुतारी झाली की आवराआवर, दुसरीला दिंड्या आपापल्या जागेवर, तिसरीला माउली निघते. रथापुढच्या सत्तावीस दिंड्या पुढंच, मागच्या मागंच. हे सगळं बघून तो हरखून गेला. "ताई, हे तर आमच्या पलटणीसारखंच की गं!" मी त्याला हैबतबाबांचं सांगितलं. आपल्या साताऱ्याकडच्याच आरफळचे, ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार होते. १८३२ च्या सुमारास सोहळ्याला हे रूप त्यांनीच दिलं. शिपाईगड्याच्या हातची शिस्त आहे ही. मग माउलींच्या घोड्यांचं निघालं. ते अंकलीच्या शितोळे सरकारांकडून आळंदीपर्यंत चालत येतात. अंकली बेळगाव जिल्ह्यातलं म्हटल्यावर तो एकदम खूश. त्याचं ट्रेनिंग बेळगावचं ना! "म्हणजे आम्ही एकाच मुलखातले," म्हणाला, आणि फलटण येईपर्यंत जो भेटेल त्याला तेच सांगत सुटला.

यंदा लोणंद सोडल्यावर चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं, मधे मोकळी वाट. पुढं स्वाराचा घोडा, स्वाराच्या हातात पताका. त्याच्या मागं माउलींचा, मोकळ्या पाठीचा. त्यावर माउली बसतात म्हणून माणूस बसत नाही. लहानपणापासून मी हे बघत आलेय. पण या वेळी ती मोकळी पाठ समोरून गेली आणि माझे पाय लटपटले, शेजारच्या मावशींनी दंडाला धरलं. घोडे गेल्याबरोबर टापांखालची माती घ्यायला झुंबड उडाली. आईसुद्धा वाकली. चिमूटभर माती तिनं कपाळाला लावली. उरलेली माझ्या हातातल्या टाळांच्या गाठीला लावली. बोलली काही नाही.

संध्याकाळी तरडगावच्या तळावर समाजआरती. सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात, टाळांचा नुसता कल्लोळ असतो. चोपदारांनी हातातला दंड वर केला की सगळं एका क्षणात शांत. एवढी माणसं आणि श्वास ऐकू येईल अशी शांतता. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिनं मात्र टाळ वाजवत राहायचे. चोपदार तिच्याकडं जातात, ऐकून घेतात. ही पद्धत मला फार मोठी वाटते. दुखणं सांगायला जागा ठेवलीय.

दंड वर झाला. सगळे टाळ थांबले, पलीकडच्या एका दिंडीचे तेवढे वाजत राहिले. पाण्याचा टँकर आला नव्हता म्हणे. चोपदार तिकडं गेले, बोलणं झालं, ते टाळही थांबले. आणि त्या शांततेत माझे एकदा वाजले. एकदाच. मी वाजवले की हातून वाजले, मला सांगता येणार नाही. दोन-चार जणांनी वळून पाहिलं. आईनंही पाहिलं. थांब म्हणाली नाही.

मग हरवल्या-सापडल्याची यादी वाचायला सुरुवात झाली. एक चष्मा, एक पितळी तांब्या, निळी पिशवी, पिशवीत धोतर. आजूबाजूची माणसं आपापल्या राहुटीकडं वळायला लागली होती. आई यादी संपेपर्यंत तिथंच उभी राहिली.