शेवटच्या रकान्यातली ओळ

मंगळवार, रात्री उशिरा

रासायनिक अस्त्रबंदीवर आम्ही शिक्षकांसाठी कार्यशाळा घेतो, तिच्या अभिप्रायाच्या फॉर्मात शेवटी एक मोकळा रकाना असतो. बहुतेक जण तो कोरा सोडतात, काही जण जेवणाबद्दल लिहितात. आज एका फॉर्मवर तिथे दोनच वाक्यं होती. "माहिती उत्तम आहे. पण हे आम्हाला लागू नाही." निळ्या बॉलपेनने, ठसठशीत अक्षरात. खाली विभाग लिहिलेला : रसायनशास्त्र, पदव्युत्तर.

लागलं मनाला. कंटाळवाणं म्हटलं असतं, वेळ फुकट गेला म्हटलं असतं, तर इतकं लागलं नसतं. उत्तम म्हणायचं आणि बाजूला ठेवायचं, याचा राग आलाय. की राग नाहीच हा, दुसरंच काही आहे? बघू.

गंमत अशी की बॉलपेनच्या शाईत द्रावक म्हणून थायोडायग्लायकॉल वापरतात. तेच सल्फर मस्टर्ड या युद्धातल्या विषाचं पूर्वद्रव्य, म्हणजे ते बनवायचा कच्चा माल, म्हणून रासायनिक अस्त्रबंदी कराराच्या दुसऱ्या अनुसूचीत, नजर ठेवायच्या रसायनांच्या तीन याद्यांतल्या दुसरीत, बसलंय. वर्षाला एक टनाच्या वर बनवलं किंवा वापरलं तर कारखान्याने सरकारला कळवायचं आणि सरकारने इथे हेगला, आमच्या रासायनिक अस्त्रबंदी संघटनेला. गटांना वाटतो त्या रसायनांच्या कार्डांतलं हे कार्ड त्यांच्याच टेबलावर होतं. कार्डावर पेनाचं चित्र होतं!

इथे बाकीच्यांची कामं दिसतात. निरीक्षक बॅग उचलून जातात, सील लावतात, नोंदी ताडून बघतात, येताना आकडा घेऊन येतात. ७ जुलै २०२३ ला अमेरिकेत केंटकीत सारिन हे मज्जातंतूंवरचं विष भरलेलं शेवटचं रॉकेट नष्ट झालं आणि सगळ्या देशांच्या घोषित साठ्यांचा हिशेब पुरा झाला : ७२,३०४ टन. भारताचा वाटा तर २००९ मध्येच संपला होता. या आकड्याशेजारी आमच्या 'शिक्षण आणि प्रसार'चा अहवाल ठेवून बघावा. इतक्या कार्यशाळा, इतके सहभागी, इतकी प्रमाणपत्रं. न घडलेल्या गोष्टीची टनांत मोजणी कशी करणार? करारात चोवीस कलमं आहेत आणि शिक्षणाचं असं एकही नाही. आम्ही सातव्या कलमाच्या, म्हणजे प्रत्येक देशाने आपापल्याकडे करायच्या अंमलबजावणीच्या वळचणीला उभे. शिक्षणासाठी पंधरा तज्ज्ञांचं सल्लागार मंडळ नेमायचं ठरलं तेही २०१५ मध्ये, करार लागू होऊन अठरा वर्षं झाल्यावर. आणि एवढं करून पुढ्यात काय, तर लागू नाही.

ताईचा फोन येऊन गेला. परत कधी येणार, हेच विचारत होती. ते राहू दे आज.

मुद्दा हा आहे की ही ओळ नवी नाही. तोंडी पुष्कळदा ऐकू येते. नीट शिकलेला, सरळमार्गी रसायनशास्त्रज्ञच ती म्हणतो, आणि त्याला तसं म्हणायला शिकवलं कुणी, हे शोधायला गेलं तर बोट फ्रिट्झ हेबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाकडे जातं. या विषयावरचं भाषण हेबरशिवाय सुरूच होत नाही. अमोनियाच्या संश्लेषणाचं नोबेल १९१८ चं, आणि त्याआधी २२ एप्रिल १९१५ ला, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममध्ये ईप्रजवळ त्याच्या देखरेखीखाली सोडलेला क्लोरिन. एकच माणूस, एका हातात खत, एका हातात विष. ऐकणारे माना डोलावतात आणि मनात म्हणतात, आपण थोडेच हेबर आहोत! गोष्ट जितकी रंगवून सांगावी तितके ते सुटतात. सांगायला हवे ते खरं तर सिलिंडर. पाच हजारांवर सिलिंडर खंदकांत पुरून ठेवले होते. त्यातला क्लोरिन रंग बनवणाऱ्या उद्योगाचा रोजचा माल होता. कुणीतरी तो भरला, कुणीतरी नोंदवला, कुणीतरी गाडीत चढवला. त्या लोकांबद्दल कुणी भाषण करत नाही.

टोकियोच्या भुयारी रेल्वेतल्या विषहल्ल्याचं उदाहरण हेबरपेक्षा बरं. २० मार्च १९९५. ओम शिनरिक्यो या पंथासाठी सारिन बनवणारा मासामी त्सुचिया सुकुबा विद्यापीठातून सेंद्रिय रसायनशास्त्र शिकून आलेला. पदव्युत्तर विद्यार्थीच की. पण तिथेही 'तो पंथच वेडा होता' म्हणून दार लावून घेता येतं.

नव्वद मिनिटांचं सत्र कसं बेतायचं हे आता पाठ झालंय. सुरुवातीची ओळख दहा मिनिटं, त्याहून एक मिनिट जास्त नाही. मग चार किंवा पाच जणांचे गट. सात झाले की दोघेच बोलतात आणि उरलेले मोबाइल बघतात. प्रत्येक गटाला सहा कार्डं : ट्रायइथेनॉलअमिन, थायोडायग्लायकॉल, थायोनिल क्लोराइड, फॉस्फरस ट्रायक्लोराइड, फॉस्जीन, क्लोरिन. शांपू-क्रीम, शाई, औषधं, कीटकनाशकं, पॉलियुरेथेन, नळाचं पाणी. पंचवीस मिनिटांत तीन प्रश्न : हे कुठे वापरतात, आणखी कशाला वापरता येईल, आणि विकताना किंवा विकत घेताना कोण कुणाला काय विचारतं. पहिला प्रश्न पाच मिनिटांत उरकतो. दुसऱ्याला आवाज खाली येतात. तिसऱ्याला बहुतेक टेबलं गप्प, कारण खरेदी स्टोअरकीपर करतो आणि त्याला या खोलीत कुणी बोलावलेलं नसतं.

त्यानंतर अर्धा तास खोटी ऑर्डर. एक पत्र हातात द्यायचं. नवीन ग्राहक, पत्ता राहत्या घराचा, माल पोचवायचा भाड्याच्या गाळ्यावर, पैसे रोख, माहितीपत्रक नको, आणि थायोनिल क्लोराइड कशासाठी हवंय तर 'साफसफाईसाठी'. इथे रसायनशास्त्राची माणसं हसतातच. पाणी लागताक्षणी सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन क्लोराइड सोडणारं द्रव्य, त्याने कोण फरशी पुसणार! हसू फुटलं की सत्र मार्गी लागलं समजायचं. ज्याला हसू आलं त्याला खोट कळली, आणि ती आपल्याला कळू शकते हेही कळलं. उरलेली पंचवीस मिनिटं चर्चेला.

बिघडतं कुठे? फोटोंपाशी. इराकमधल्या हलब्जाचे, इराणमधल्या सरदश्तचे, विषारी वायूच्या हल्ल्यांनंतरचे फोटो पहिल्या दहा मिनिटांत दाखवले की खोली गार पडते आणि पुढचा अर्धा तास कुणी तोंड उघडत नाही. लोक हादरतात, पण विचार करायचे थांबतात. ज्यांच्यावर ते बेतलं त्यांनी स्वतः येऊन बोलावं, तेही शेवटी आणि घाई न करता. दुसरं बिघडतं ते साठ स्लाइडी घेऊन येणाऱ्या पाहुण्या वक्त्यापाशी. त्यावर काही उपाय नाही.

भारतातले लोक असले की भोपाळ निघतंच. काढू द्यावं. तिथे मिथाइल आयसोसायनेट बनत होतं ते फॉस्जीनपासून, आणि फॉस्जीन आमच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे. मिथाइल आयसोसायनेट मात्र कुठल्याच अनुसूचीत नाही. अपघात आणि अस्त्र यांतली रेघ कुठे पडते हे या एका कारखान्यावरून जितकं नीट सांगता येतं तितकं दुसऱ्या कशावरून नाही. हेतूपाशी पडते. रेणू तोच असतो.

आणि इथे येऊन आता, रात्रीच्या या वेळी, ती ओळ मला वेगळीच दिसायला लागलीये.

त्यांनी आमचं मर्यादांचं कोष्टक वाचलंय, किती टनांवर कळवायचं ते. दुसऱ्या अनुसूचीला बहुतेक रसायनांसाठी एक टन, तिसरीला तीस टन, तपासणीसाठी दोनशे. त्यांच्या प्रयोगशाळेत वर्षाकाठी थायोनिल क्लोराइड किती येत असेल? दोन-चार बाटल्या. मग लागू नाही, बरोबरच आहे! हिशेबी माणूस दुसरं काय लिहील? कोष्टकात आकडा असतो आणि आकड्याखाली जो आहे तो सुटला, असंच कुणीही वाचणार. पण ते आकडे घोषणेचे आणि तपासणीचे आहेत. बंदीला असा आकडा नाही. दुसऱ्या कलमात व्याख्या हेतूवर टांगलेली आहे : विषारी रसायन आणि त्याचं पूर्वद्रव्य हे अस्त्रच, वापर न-निषिद्ध कामासाठी असेल आणि प्रकार व प्रमाण त्या कामाला साजेसं असेल तेवढंच वगळून. म्हणून तर कुठल्याच यादीत नसलेला क्लोरिन सीरियात अस्त्र ठरला. शिवडीच्या हाजी बंदरात २०१० साली बेवारस सिलिंडरमधून गळला तोही क्लोरिनच, आणि तो अपघात. लोटे, तारापूर, कुरकुंभला एम.एस्सी. होऊन लागलेली मुलं दोन वर्षांत खरेदीच्या कागदावर सह्या करायला लागतात. त्यांना तीस टन माहीत असतं, कारण तपासनीस तेच विचारतो.

म्हणजे मास्तरांनी अभ्यास केला होता. न वाचता लिहिणाऱ्यांपेक्षा हा बरा. थोडं हसूही आलं.

यातल्या जाणत्यांचंही काही वेगळं नाही म्हणा. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका औषध-संशोधन कंपनीतल्या लोकांनी आपलं रेणू शोधणारं सॉफ्टवेअर उलटं फिरवून बघितलं. विषारीपणा टाळण्याऐवजी शोधायला लावलं. सहा तासांत ४०,००० रेणू, त्यांत व्हीएक्स हे मज्जातंतूंवरचं विषही. आणि त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की गैरवापराचा विचार तोवर त्यांच्या मनात कधी आलाच नव्हता. वर्षानुवर्षं विषारीपणाच्या आकडेमोडीत बसलेली माणसं ही! तिथे एका महाविद्यालयीन शिक्षकावर मी किती रुसायचं?

राहता राहिलं आमचं काम दिसत नाही हे रडगाणं. इथे सहसा कुणाला सात वर्षांच्या वर राहता येत नाही. नियमच आहे, कायमची नोकरी नाहीच. पुढे येणारीला हेबरची स्लाइड ठेवावी की नाही यावर पुन्हा वाद घालायला मिळेल, तिने खुशाल घालावा. ३० नोव्हेंबरच्या, रासायनिक अस्त्रांच्या बळींच्या स्मृतिदिनाचा मजकूर सहा भाषांत जायचाय, त्याची आठवण सकाळी.

कोष्टक मागे ढकलायचं, ऑर्डरच्या खेळानंतर. त्याच्या डोक्यावर दुसऱ्या कलमाची व्याख्या, मोठ्या अक्षरात. क्लोरिनचं कार्ड सहावं होतं ते पहिलं. स्टोअरकीपरला निमंत्रण, शिक्षकांबरोबरच, त्याच टेबलावर. प्रवासभत्त्यात बसत नसेल तर एक वक्ता कमी करून. आणि हेबर शेवटी, वेळ उरला तर. उरत नाहीच.